मधला थर

आमच्या तासगावात खरवड केंद्र उघडलं तेव्हा पहिले चार दिवस तिथं चौकशीला फक्त गवळी आले. पाटीवर तेवढंच लिहिलेलं होतं: 'खरवड केंद्र. सकाळी दहा ते सहा.' दुधाच्या पातेल्याच्या बुडाला जे करपून धरतं ते चमच्यानं खरवडून खाण्यात आमची पिढी वाढली. तेव्हा त्याचंही कोणी केंद्र काढलं असेल, याचं कोणाला नवल वाटलं नाही. हे दोन हजार एक्केचाळीस साल आहे. नवल वाटायचं वय आमचंही गेलं आणि देशाचंही.

पाचव्या दिवशी कळलं, की इथं पातेली नव्हेत, कॅसेटी खरवडतात.

ज्यांचा जन्म कॅसेटनंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेट म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढी प्लास्टिकची डबी. तिच्यात तपकिरी फीत, आणि फितीवर गंजासारखी बारीक लोखंडी भुकटी. गाणं भरलं की त्या भुकटीचे कण ठरावीक दिशेला तोंड करून उभे राहतात, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे. त्याच फितीवर दुसरं गाणं भरायचं झालं, तर यंत्र आधी सगळ्यांना 'विश्राम' देतं आणि मग नवी कवायत सुरू. पण प्रत्येक शाळेत मागच्या रांगेत दोन-चार पोरं अशी असतातच, की जी काही केल्या हलत नाहीत. फितीच्या अगदी कडेला पुसायचं हेड नीट पोचत नाही. तिथं जुन्या गाण्याचे काही कण तसेच तोंड करून उभे राहतात. तीस वर्षं, पन्नास वर्षं. ते गाणं संपलं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

त्यांचं पुटपुटणं ऐकायला फार तिखट कान लागतो. तो कान हिऱ्यात सापडला. हिरा म्हणजे सगळा कार्बन. त्यात एका जागी चुकून नायट्रोजनचा अणू येऊन बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर तेवढा भाग कमालीचा हळवा होतो. जवळून इवलंसं चुंबकीय वारं गेलं तरी त्याच्या उजेडात फरक पडतो. शेजारची जागा रिकामी झाली की उरलेला जरा जास्तच हळवा होतो, हे शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत कळलं. मला बायको गेल्यावर घरीच कळलं.

तर असा हिऱ्याचा कण फितीवरून फिरवायचा आणि जी कुजबुज मिळेल तिचे थर संगणकानं वेगळे करायचे. वरचा, मधला, खालचा. बस, एवढंच यंत्र.

एवढ्याशा यंत्रानं सहा महिन्यांत तालुका ढवळून काढला. एका घरात सत्यनारायणाच्या कथेखाली सासूबाई निघाल्या. त्या कथेत नसलेलं बरंच काही सांगत होत्या. एका माजी सभापतींच्या जुन्या भाषणाखाली त्यांचंच त्याहून जुनं भाषण सापडलं, आणि दोन्हींत एकाच पक्षाचा उल्लेख होता: वरच्यात 'आई', खालच्यात 'अवदसा'. सभापती म्हणाले, दोन्ही आवाज माझेच आहेत, हवा तेवढी वेगळी होती. आणि शिंपी गल्लीतल्या अक्काताई दर गुरुवारी काठी टेकत केंद्रात जायच्या. त्यांच्या आरतीच्या कॅसेटखाली त्यांचा तीन वर्षांचा मुलगा पाढे म्हणत होता. मुलगा आता चोपन्न वर्षांचा असून पुण्यात होता. पण त्या मुलापेक्षा हा जास्त बोलायचा.

मला या केंद्राची भीती वाटायचं कारण वेगळं होतं.

मी उत्तम सुतार. तीस वर्षं आमच्या एसटी स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या. माझा आवाज तालुक्यातल्या प्रत्येक माणसानं ऐकला आहे आणि एकानंही लक्ष देऊन ऐकलेला नाही. निवृत्त झालो तेव्हा मला शाल, नारळ आणि स्टँडवरचा जुना कर्णा देण्यात आला. कर्णा कोणालाच नको होता, असं नंतर समजलं. आता तिथं संगणक पुकारतो. त्याचे उच्चार माझ्याहून स्वच्छ आहेत. तोही कोणी ऐकत नाही, एवढंच समाधान.

या जगात मला घाबरवू शकेल अशी एकच कॅसेट होती. तिची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

एक्क्याण्णव साली आम्ही तिघं अकरावीत होतो: मी, जिनपाल मगदूम आणि दस्तगीर मुल्ला. तेव्हा गाणी ऐकायची म्हणजे कॅसेट भरून घ्यायची. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात द्यायची, आठ दिवसांनी भरून मिळायची. यादीतलं एखादं गाणं दुकानदाराला पटलं नाही, तर तो त्याच्या जागी आपल्या आवडीचं घालायचा आणि वर म्हणायचा, "ऐक तर, सुधारशील." आमच्या तिघांत मिळून एक कॅसेट होती. एकेक आठवडा एकेकाकडं. आधी मी, मग जिनपाल, मग दस्तगीर. दर सोमवारी चार वाजता स्टँडवरच्या बाकांवर पाळी बदलायची.

कॅसेटच्या पहिल्या बाजूला सिनेमाची गाणी होती. दुसरी बाजू आम्ही मुद्दाम कोरी ठेवली होती, दस्तगीरसाठी. दस्तगीर गायचा. म्हणजे आम्ही जे करायचो त्याला गाणं म्हणायचे, आणि तो जे करायचा त्याला शब्द नव्हता. त्याच्या अब्बांचा टेम्पो होता. ते म्हणायचे, "एका घरात एकच हॉर्न पुरे," आणि गुणगुणताना सापडला की चोपायचे. म्हणून आम्ही चोरून मगदुमांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जमलो. हंगाम संपला होता, शेड रिकामी होती, आवाज घुमत होता. मी घरून काकांचा टेपरेकॉर्डर पळवून आणला. दस्तगीर त्याच्या स्वतःच्या चाली गायला. जिनपालनं बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यावर ठेका धरला. सुरुवातीला 'सादर करीत आहोत' म्हणायचं काम माझ्याकडं होतं. ते अकरा सेकंद चाललं.

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लास्टिकचे कान असतात, प्रत्येक बाजूचा एक. कान मोडला की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. दस्तगीरच्या बाजूचा कान आम्ही तिथंच द्राक्षाच्या कात्रीनं मोडला. त्यात जिनपालचा अंगठा कापला. त्याला औषधाची चिकटपट्टी लावली आणि कॅसेट घेऊन मी घरी आलो. पहिली पाळी माझी होती.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आठवड्यात मी ती बाजू वीसेक वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी मला माझी अकरा सेकंदं कमी वाटली. मला रेडिओवर बातम्या द्यायच्या होत्या. शनिवारी घरात कोणी नव्हतं. मोडलेल्या कानाच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, ही युक्ती तेव्हा शाळकरी पोरालाही ठाऊक होती. शेवटी पाच मिनिटं कोरी उरली होती, तेवढ्यात बातम्या वाचू म्हणून मी फीत पुढं पळवली. पण उत्साहात फीत पळवताना कॅसेट उलटी बसवली होती, आणि ते दिसल्यावर तिथूनच सुलटी केली. जो शेवट समजलो, ती सुरुवात होती. वाचायच्या नादात अर्धा तास मी बातम्या दिल्या. नंतर ऐकायला लावली आणि दस्तगीर सापडेना.

घाबरलेल्या माणसाला दुसरी चूक पहिलीवरचा उपाय वाटते. निदान आपला आवाज तरी सापडू नये, म्हणून मी रेडिओ लावला आणि जे लागलं ते त्यावर अर्धा तास भरलं. ते बाजारभाव होते. सांगलीची हळद, गूळ, आणि बेदाणा. मग चिकटपट्टी सोलून काढली आणि सोमवारी हसतमुखानं कॅसेट जिनपालला दिली. त्याच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. त्यानं ती आठवडाभर वाजवलीच नाही आणि तशीच दस्तगीरला दिली. दस्तगीरनं लावली.

पुढच्या सोमवारी बाकावर पुरावा मांडला गेला. खाचेवर चिकटपट्टीचा डिंक होता आणि जिनपालच्या अंगठ्याला अजून चिकटपट्टी होती. शिवाय बेदाण्याचे भाव ऐकणारं घर कोणाचं? दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यानं कॅसेट जिनपालच्या अंगावर फेकली. जिनपालनं ती उचलली, खिशात घातली आणि एवढंच म्हणाला, "बरं."

त्यानंतर तो आमच्याशी बोलला नाही. दस्तगीर पुन्हा गायला नाही. टेम्पो चालवायला लागला. दोन हजार दहा साली घाटात टेम्पो उलटून तो गेला. त्याच्या मातीला जिनपाल आला होता, पण कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला.

मी आत होतो.

बायको गेल्यापासून मी रोज चार वाजता स्टँडवर जाऊन तिसऱ्या बाकावर बसायचो. मुलगी बंगळूरला असते. ती रविवारी फोन करते आणि जेवलास का विचारते, त्यामुळे रविवारी मी जेवून घेतो. जिनपालची बायकोही गेली होती आणि बाग मुलं बघत होती. तो पाचव्या बाकावर बसायचा. मधला चौथा बाक रिकामा. दोन वर्षं असं चाललं होतं. त्याला कधी यायला उशीर झाला तर मला चुटपुट लागायची. आला की मी दुसरीकडं बघायचो.

एका संध्याकाळी पस्तिशीची एक बाई येऊन आमच्या दोघांच्या मध्ये, चौथ्या बाकापाशी उभी राहिली.

"उत्तमकाका ना तुम्ही? आणि हे जिनपालकाका. मी रुबिना. दस्तगीर मुल्लांची मुलगी. खरवड केंद्र माझंच आहे."

आम्ही दोघांनी माना हलवल्या. एकमेकांकडं न बघता एकाच वेळी मान हलवायला सराव लागतो.

"अब्बा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मला त्यांचा आवाज आठवत नाही. सगळ्या गावाचे पुसलेले आवाज मी काढून देते, आणि माझ्या घरात एक नाही. अम्मी म्हणते, ते गायचे. एक कॅसेट होती म्हणे, तुम्हा तिघांची."

मी म्हणणार होतो, ती कधीच हरवली. तेवढ्यात जिनपाल बोलला.

"हाय माझ्याकडं."

रविवारी अकराची वेळ ठरली. मी शनिवारी माळ्यावरून कर्णा काढला आणि त्याच्या पोटातलं चुंबक सोडवलं. चांगलं पुरणपोळीच्या पुरणाच्या गोळ्याएवढं होतं. फितीजवळून एकदा फिरवलं, की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा घरी जातात, हे केंद्राच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. मी वाईट माणूस नाही, असं माझं मत आहे. मी फक्त चुंबक खिशात घालून निघालो. वाटेत दोनदा ते माझ्याच किल्ल्यांना चिकटलं.

केंद्राच्या दारात देवळाबाहेर चपलांचं असतं तसं फळ्यांचं कपाट होतं. वर पाटी: 'मोबाईल, घड्याळ, चुंबक येथे ठेवावे.' मी तसाच आत शिरलो आणि दार किंचाळलं.

"खिशात काय आहे, काका?" रुबिना म्हणाली.

मी काढून दाखवलं. तिनं ते बघितलं, मग मला बघितलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणालो. "सांध्यांना."

"असू दे," असं म्हणून तिनं ते कपाटात ठेवलं आणि माझ्या हातात पितळी बिल्ला दिला. क्रमांक सात. पन्नास वर्षांतला माझा सगळ्यात नीच बेत असा बिल्ल्यावर जमा झाला.

जिनपाल आधीच येऊन बसला होता. पांढरा सदरा घालून, मांडीवर कडधान्याचा स्टीलचा डबा घेऊन. डब्यात रुमालात गुंडाळलेली कॅसेट. रुबिनानं ती हातमोजे घालून उचलली, आत नेली आणि दहा मिनिटांनी परत आली.

"वरवर बघितलं. फीत चांगली आहे. तीन थर दिसतात. वर बाजारभाव, अगदी खाली गाणं असावं. मध्ये अजून काहीतरी आहे, कोणीतरी बोलतंय. यंत्र तापायला वेळ लागेल, मी चहा सांगते," म्हणत ती गेली.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. भिंतीवरचं घड्याळ सेकंद मोजत होतं आणि त्याला दुसरं कामही नव्हतं.

"उत्त्या," जिनपाल म्हणाला.

पन्नास वर्षांनी माझं नाव त्याच्या तोंडून आलं.

"मधला थर वाचाय नको. खालचाच तेवढा वाचू."

"का रं?"

"ज्यानं पुसली त्याचा आवाज असणार त्यात."

"असंल की."

"असंल काय? दस्त्याचाच असणार." तो डब्याच्या झाकणाशी खेळत होता. "बापाला कॅसेट सापडली असती तर सोलला असता त्याला. भ्यालं पोरगं. आपणच पुसली आन आपल्यावर याय नको म्हणून माझ्यावर ढकलली. मला तवाच कळलं होतं. म्हणून तर काय बोललो न्हाई."

"पन्नास वर्षं?"

"सुरवातीची चार-पाच जड गेली. मग सवय झाली." त्यानं दाराकडं बघितलं. "पण आता त्या पोरीनं बापाचा तसला आवाज कशाला ऐकायचा? तूच सांग मर्दा."

आता बोलायचं होतं. वाक्य छोटं होतं, चार शब्दांचं: दस्त्यानं नाही, मी पुसली. मी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "खरं आहे. नको वाचूया." तीस वर्षं मी माईकवर काढली, पण इतका स्वच्छ उच्चार माझा कधी लागला नव्हता.

खालचा थर सत्तेचाळीस सेकंद निघाला. आधी लांबून, विहिरीतून आल्यासारखा एक पोरगा 'सादर करीत आहोत' म्हणाला. मग खोक्यावर ठेका. आणि मग दस्तगीर. शब्द कळत नव्हते, चाल मध्येच विरत होती, पण आवाज वर चढला तेव्हा जिनपालच्या मांडीवरच्या डब्यावर त्याची बोटं आपोआप पडायला लागली. पन्नास वर्षांपूर्वीच्या खोक्यावर आणि आजच्या डब्यावर एकच ठेका. शेवटी गाणं तुटलं, आणि दस्तगीर हसला. "जिन्या, हळू वाजीव की लेका!"

रुबिनानं गाणं पुन्हा लावलं नाही. ते हसणं लावलं. पाच वेळा.

"अम्मी म्हणते, मी अशीच हसते," ती म्हणाली, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

बाहेर पडल्यावर जिनपाल म्हणाला, "उद्या येणार न्हवं चारला?" त्या गडबडीत मी चुंबक तिथंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी तो पाचव्या बाकावरून उठला, मी तिसऱ्यावरून, आणि आम्ही चौथ्या बाकावर बसलो.

पुढचे तीन महिने मी सोळा वर्षांचा होतो. गुडघे तेवढे सहासष्टचे होते. जिनपाल खिशातून बेदाणे आणायचा आणि चार मोजून मला द्यायचा, साखर वाढेल म्हणून. आम्ही जुन्या यादीतली गाणी आठवायचा प्रयत्न करायचो. मला शब्द आठवायचे, त्याला ठेका. चाल दोघांनाही आठवायची नाही. ते खातं दस्तगीरचं होतं. संगणकानं गाडी पुकारली की तो म्हणायचा, "ह्यापरीस तू बरा होतास. तुझं निदान काय कळत तरी न्हवतं." मी हसायचो. सहासष्टाव्या वर्षी मला कोणीतरी 'लेका' म्हणत होतं. घरी गेल्यावर मी दोन माणसांचा भात लावायला लागलो. सकाळी उरलेला परतायचा, म्हणून.

एका दुपारी रुबिना घरी आली.

"काका, बिल्ला क्रमांक सात. तुमचं चुंबक राहिलंय." तिनं ते टेबलावर ठेवलं. शेजारी आगपेटीएवढी एक काळी डबी ठेवली. "हे तुमचं. आणि हेही तुमचंच."

डबीला एक बटण होतं.

"यंत्र सगळे थर एकदमच वाचतं, काका. ऐकायचा कोणता, एवढंच आपल्या हातात असतं."

"ऐकलंस?"

"हो."

"जिनपालला?"

"नाही सांगितलं. तो आवाज माझ्या घरातला नाही." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "गुडघ्यांना आता बरं आहे ना?"

मी डबी गव्हाच्या पिंपात पुरली. दोन आठवडे पिठाच्या गिरणीत गेलो नाही.

एका सोमवारी जिनपाल उशिरा आला. डोक्याला रुमाल बांधलेला, चपलांना माती.

"कुठं गेलता?"

"कब्रस्तानात." तो सावकाश बसला. "तवा फाटकातनंच परत आलतो. आज आत गेलो. त्याला सांगून आलो, तू पुसलीस तरी चालतंय मर्दा. बापाकडनं मार खाण्यापरीस ते बरं. माझ्या मनात काय न्हाई." त्यानं खिशातून बेदाणे काढले. "हलकं वाटतंय बघ. घे."

चार बेदाणे माझ्या तळहातावर होते. मला ते तोंडात घालता येईनात.

"जिनपाल, बस जरा. मी आलो," मी म्हणालो. घरी जाऊन यायला वीस मिनिटं लागली. डबीला गहू चिकटले होते. मी ती चौथ्या बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि बटण दाबलं.

सोळा वर्षांचा पोरगा घसा खाकरून बोलायला लागला. "ठळक बातम्या. महाराष्ट्राचे लाडके निवेदक उत्तम सुतार यांचं आज सांगलीत उत्साहात स्वागत करण्यात आलं. कवठ्याच्या गाडीला झालेल्या उशिराबद्दल पंतप्रधानांनी खेद व्यक्त केला..." पोरगा खुशीत होता. आपण कशावर उभे राहून बोलतोय, हे त्याला माहीत नव्हतं. वरून संगणकानं खरोखरच कवठ्याची गाडी पुकारली. जिनपालनं मान खाली घालून सगळं ऐकलं. तीन मिनिटांनी आवाज विरला.

"हे कवाचं?"

"पहिल्या पाळीतलं. माझ्या."

"बाजारभाव?"

"मीच भरले. वरनं."

त्यानं बराच वेळ अंगठा तर्जनीवर घासला.

"म्हंजे दस्त्यानं न्हवती पुसली."

"नाही."

"आन त्याला वाटत होतं, मी पुसली."

"हो."

"मरूस्तवर."

"हो."

मी वाट बघत होतो, की तो शिवी देईल. शिवी आली असती तर धरायला काहीतरी मिळालं असतं. तो उठला, रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला आणि म्हणाला, "बरं."

मग तो गेला. ज्या रस्त्यानं आला होता त्याच रस्त्यानं, कब्रस्तानाकडं. सांगितलेलं परत घ्यायला गेला असावा.

सात आठवडे तो स्टँडवर आला नाही. मी चौथा बाक सोडून परत तिसऱ्यावर बसायला लागलो. भात एका माणसाचा लावायचं जमेना, हाताला दोनाचीच सवय झाली होती. चुंबक मी कर्ण्यात परत बसवलं आणि कर्णा माळ्यावर टाकला.

आठव्या सोमवारी चार वाजता मी गेलो तर तिसऱ्या बाकावर रुमालाची पुरचुंडी होती. आत कॅसेट. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जिनपाल माझ्याकडं पाठ करून उभा होता. मला समजायला थोडा वेळ लागला. एक्क्याण्णव साली दस्तगीरच्या हातात पाळी मोडली होती. दस्तगीरनंतर मी.

पुढच्या सोमवारी मी ती पाचव्या बाकावर ठेवली. त्याच्या पुढच्या सोमवारी ती चौथ्या बाकावर होती. रुबिना केंद्रातून आली आणि तिच्या बापाची पाळी घेऊन गेली. तेव्हापासून हे असंच चाललं आहे. माझ्या घरी कॅसेट वाजवायचं यंत्र नाही. जिनपालच्या घरीही नाही. माझ्या आठवड्यात ती टेबलावर असते. मी तिच्याकडं बघत जेवतो. हात धुतल्याशिवाय तिला शिवत नाही.

जिनपाल अजून बोलत नाही. माझी पाळी संपली की मी कॅसेट पाचव्या बाकावर ठेवून तिसऱ्यावर येऊन बसतो. तो येतो, रुमाल सोडतो, कॅसेट डोळ्यांजवळ धरतो आणि मोडलेल्या कानाच्या खाचेवरून अंगठा फिरवून बघतो, नवी चिकटपट्टी तर लावलेली नाही ना. अगदी माझ्या देखत. दर वेळी.

मग ती खिशात घालतो आणि चालायला लागतो.